मॅट्रिक न झालेला मास्तर

एक प्रश्न विचारू? दहावीला किंवा बारावीला तुमचा एखादा विषय राहिला होता का? एटीकेटीवर पुढच्या वर्षात ढकलले गेलात का? असाल, तर आजची गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. आणि नसाल, तरी वाचा. कारण ज्या माणसाची ही गोष्ट आहे तो स्वतः मॅट्रिक पास झाला नाही, पण महाराष्ट्रातली हजारो मुलं त्याच्यामुळे मॅट्रिक झाली, पदवीधर झाली, कुणी बॅरिस्टरही झालं.

भोरहून मांढरदेवीचा घाट चढून पलीकडे वाईत उतरलात की सातारा तासाभरावर. त्या साताऱ्यात साधारण १९१० च्या सुमारास विशीतला एक धिप्पाड तरुण पोरांच्या शिकवण्या घ्यायचा. लोक त्याला पाटील मास्तर म्हणायचे. पुढे त्याला सगळा महाराष्ट्र कर्मवीर म्हणायला लागला. भाऊराव पायगोंडा पाटील.

तुम्ही म्हणाल, हे नाव तर आम्हाला माहीत आहे. पुतळा पाहिलाय, रयतच्या शाळेचा बोर्ड पाहिलाय, २२ सप्टेंबरला भाषणंही ऐकलीत. बरोबर. पण पुतळा झालेला माणूस आपल्याला नेहमी म्हाताराच दिसतो, पांढऱ्या दाढीतला. आज आपण त्याला तुमच्या वयाचा असताना बघू.

बोर्डिंगमधून बाहेर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर भागातल्या कुंभोजचा. घराणं मूळचं ऐतवडे बुद्रुकचं, जैन शेतकऱ्यांचं. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. पोरगा अभ्यासात फार पुढे नव्हता. कुस्ती आणि पोहणं यात मात्र रमायचा. आणि एक गोष्ट त्याला लहानपणापासून सहन व्हायची नाही, ती म्हणजे कुणाला जातीवरून लांब ठेवणं. अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यानं त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला होता.

पुढच्या शिक्षणासाठी तो कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये गेला. राहायला जैन बोर्डिंग. तुमच्यापैकी वेल्ह्याहून किंवा पानशेतच्या वरच्या अंगाकडून पुण्याला शिकायला गेलेल्यांना सांगायला नको, हॉस्टेलची खाट म्हणजे काय असते. ती गेली की शिक्षणच गेलं. भाऊरावांची ती खाट गेली. कारण काय? अस्पृश्य मुलांसाठी सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले होते. परत आल्यावर बोर्डिंगवाल्यांचं म्हणणं पडलं की आंघोळ करून शुद्ध हो आणि मगच जेवायला बस. हा गडी काही आंघोळीला गेला नाही. बाहेर काढलं गेलं.

शिक्षण तिथंच रखडलं. इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी गेली नाही. घरी गेल्यावर काय स्वागत झालं असेल, याचा अंदाज नापास झालेल्या कुणालाही करता येईल.

शिकवणी कुणाची?

मग साताऱ्यात आल्यावर पोटापाण्यासाठी शिकवण्या सुरू केल्या. इथं थोडं थांबा. ज्याचं स्वतःचं शिक्षण अर्धवट राहिलंय तो दुसऱ्याला काय शिकवणार, असं आपल्याला वाटतं. गावातल्या पाचवीच्या पोराला गणित शिकवायला जा म्हटलं की आपणही हेच म्हणतो. मलाच कुठं नीट येतंय! पण अडखळलेला माणूस कधी कधी जास्त चांगला शिकवतो. पोरगं नेमकं कुठं अडतं हे त्याला ठाऊक असतं. पाटील मास्तरांच्या शिकवण्यांचा जम बसला, नाव झालं.

शिकवणीत मात्र एक मेख असते. ज्याच्या बापाकडे फी आहे त्याचंच पोर शिकवणीला येतं. ज्याला गरज जास्त, ते पोर गुरांमागे असतं. याच सुमारास, १९०९-१० मध्ये, भाऊरावांनी मित्रांना सोबत घेऊन सांगलीजवळच्या दुधगावात विद्यार्थी आश्रम सुरू केला. सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. पैसा कुठून आणायचा? तर घरोघरच्या बायांनी धान्यातलं मूठभर बाजूला काढून ठेवायचं. त्याला मुष्टिफंड म्हणत. आज आपण क्राउडफंडिंग म्हणतो, त्याचं हे मूळ रूप समजा. फरक एवढाच की इथं देणारी स्वतःच अर्धपोटी असायची.

खोटी साक्ष

१९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यांना डांबर फासल्याचं प्रकरण गाजलं. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असा दबाव आला. हे लठ्ठे कोण? ज्या बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर काढलं होतं, त्याच बोर्डिंगची सूत्रं त्यांच्याकडे होती. म्हणजे जुना हिशेब चुकता करायची आयती संधी! भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्याबद्दल कोठडी भोगली, छळ सोसला, जीव द्यायची वेळ आली, पण खोटं बोलले नाहीत.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. पोरं तुमच्याकडून गणित शिकतील न शिकतील, तुम्ही कसे वागता ते मात्र नक्की शिकतात. मेंटॉर हा शब्द आपण हल्ली फार स्वस्तात वापरतो. त्याची खरी किंमत अशा वेळी कळते.

नांगर विकता विकता

त्यानंतर काही वर्षं भाऊराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. त्याआधी ओगल्यांच्या काचमालाची विक्री केली होती. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. विक्रेता म्हणून त्यांचा हातखंडा होता. हे असंच चालू राहतं, तर माणूस पैशानं मोठा झाला असता.

पण नांगर विकायला शेतकऱ्याच्या दारात जावं लागतं. दारात गेलं की घर दिसतं. कर्ज दिसतं, अंगठा दिसतो, शाळेत न गेलेलं पोर दिसतं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. बोधचिन्ह वडाचं झाड. फांदीला पारंबी फुटते, पारंबी जमिनीला टेकली की तिचंच खोड होतं. शिकलेल्या पोरानं पुढच्याला शिकवायचं, असा हा हिशेब.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह उभं राहिलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. इथं नोकरचाकर नव्हते. दळण, पाणी, स्वयंपाक, शेती, झाडलोट सगळं मुलांनी करायचं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण, सगळे एकाच पंगतीत. शंभर वर्षांपूर्वी हे करणं म्हणजे गावाशी रोजचं भांडण होतं.

लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. या बोर्डिंगमधल्या पोरांना रोज जेवायला घालणारं माणूस कोण होतं? भाऊराव बहुतेक वेळ फिरतीवर. घरी होत्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. बऱ्यापैकी सुखवस्तू घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. त्यांनी सगळ्या जातींची पोरं आपली मानली. कोठीत धान्य संपलं की अंगावरचा एकेक दागिना गेला. शेवटी मंगळसूत्रही पोरांच्या जेवणासाठी विकलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्था मोठी झालेली त्यांना बघायला मिळाली नाही.

आपण मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकतो तेव्हा त्यागाचं बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं, हे विचारत नाही. इथं विचारायलाच हवं. भाऊरावांचं काम लक्ष्मीबाईंच्या चुलीवर उभं राहिलं. तुम्हीही उद्या काही करायला निघालात, तर घरी तुमच्या वाटणीचं काम कोण करतंय ते आधी बघा.

डोंगरातल्या शाळा

पुढचा प्रवास झपाट्यानं सांगतो. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, जिथं कमवा आणि शिका ही योजना रुजली. आज तुमच्या कॉलेजात या योजनेत लायब्ररीत किंवा बागेत काम करून कुणी फी भागवत असेल, तर त्याचं मूळ इथं आहे.

पण भोर-वेल्ह्याच्या वाचकाला सगळ्यात जवळची वाटेल ती गोष्ट वेगळीच आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी रयतनं व्हॉलंटरी शाळा काढायला सुरुवात केली. जिथं कुणी शाळा काढायला तयार नव्हतं, अशा वाड्यावस्त्यांवर, डोंगराच्या कुशीत. कधी देवळात, कधी चावडीत, कधी कुणाच्या पडवीत. शिकवणारे तरुण, पगार जेमतेम. अशा पाचशेहून जास्त शाळा उभ्या राहिल्या. भाऊराव स्वतः अनवाणी गावोगाव फिरायचे. स्वातंत्र्यानंतर मध्येच एकदा सरकारी अनुदान थांबलं, तेव्हाही काम बंद पडलं नाही. गाडगे महाराजांसारखी माणसं पाठीशी उभी राहिली.

बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या पोरांची यादी मोठी आहे. त्यातलाच एक गरीब घरचा मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, रयतमध्येच शिकवायला परत आला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ते बॅरिस्टर पी. जी. पाटील. पारंबीचं खोड झालं ते असं.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं भाऊरावांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. मॅट्रिक न झालेल्या मास्तरच्या नावापुढे डॉक्टर लागलं. आणि ९ मे १९५९ ला पुण्यात त्यांनी डोळे मिटले.

मग तुम्ही काय कराल?

तोरण्याच्या पायथ्याला, मढे घाटाच्या वाटेवर, भाटघर नि नीरा देवघरच्या पाण्यामागे, वरंध घाटाच्या अंगाला आजही अशा वाड्या आहेत जिथं शाळा चौथीपर्यंत आणि पुढचा वर्ग मोठ्या गावात. पावसाळ्यात ओढा भरला की शाळा चुकते. चार इयत्तांना मिळून एक-दोन शिक्षक. घरी अभ्यास विचारणारं कुणी नाही, कारण आई-बाप रोजंदारीवर. शाळा आली, सडक आली, मोबाइलही आला. शेजारी बसून धडा वाचून घेणारं मोठं माणूस मात्र अजून कमी पडतं.

तुमच्यापैकी जे एनएसएसमध्ये आहेत त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्यातले निम्मे जरी एकाच वाडीला दिलेत, तर काय होईल विचार करा. नांगर विकायला जसं दारात जावं लागतं, तसं आधी शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटा, त्यांना नेमकं काय हवंय ते विचारा, पालकांना सांगून सुरुवात करा. वर्गभर पोरं नकोत, दोन-तीन पुरेत. वार ठरवा आणि तो मोडू नका. शनिवार म्हटलं की शनिवार. पहिल्या दिवशी वह्या वाटून फोटो काढणारे बरेच येतात. सहाव्या शनिवारी येणारा विरळा. आणि पोरं सहावा शनिवारच मोजतात. तुमची सेमिस्टर परीक्षा आली, तर दोन आठवडे येणार नाही असं आधी सांगा. न सांगता गायब झालेला ताई-दादा पोराला गणितापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो.

फार काही शिकवायलाही लागत नाही. रोज एक पान मोठ्यानं वाचून घ्या. पाढे म्हणून घ्या. बाजाराचा हिशेब करायला लावा. आणि तुमचा जो विषय राहिला होता ना, तो लपवू नका, सांगा त्यांना. नापास होऊनही माणूस पुढे जातो, हे त्या पोरांना पुस्तकात कुठं लिहिलेलं सापडणार नाही.

आपण काही कर्मवीर होणार नाही, व्हायचीही गरज नाही. साताऱ्यातला तो विशीतला मास्तरही शिकवणीला निघाला तेव्हा कर्मवीर नव्हता. शाळेतून बाहेर पडलेला, नोकरी नसलेला एक पोरगा होता. समोर चार पोरं बसली होती, आणि त्यांना जे येत नव्हतं त्यातलं थोडं याला येत होतं. तेवढं तर तुमच्याकडेही आहे.

येत्या शनिवारी नसरापूरहून वेल्ह्याची एसटी पकडा. खिडकीजवळ बसा. विंझर, मार्गासनी मागे पडेल आणि शाळेकडे चालत निघालेली पोरं दिसायला लागतील. त्यातलं कुठलं तुमचं, ते तुम्हीच ठरवा.