गर्ट्रूड बेल आणि हाइल नगरी

गर्ट्रूड बेल यांचा जन्म १८६८ साली इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात एका सधन घराण्यात झाला. ऑक्सफर्डला त्यांनी इतिहासाचे अध्ययन केले. पण पुढे मन रमले ते अरबस्तानच्या वाळवंटातच. थिओडोलाइटने मोजणी करून नकाशे तयार करण्याची विद्या त्यांनी लंडनला रीतसर संपादन केली होती. १९१३ च्या डिसेंबरात उंटांचा तांडा घेऊन त्या दमास्कसहून निघाल्या आणि वाटेची मोजणी व नोंदी करीत हाइल या वाळवंटी नगरीत पोहोचल्या. अमीर मोहिमेवर गेलेला. दरबाराने या पाहुणीला सुमारे दहा दिवस एका वाड्यात जवळजवळ कैदेतच ठेवले. अखेर नगर पाहण्याची व छायाचित्रे घेण्याची मुभा मिळाली, ती जेमतेम एका दिवसाची! त्या एका दिवसात हाइल त्यांच्या कॅमेऱ्यात उतरले.

ही भ्रमंती निव्वळ ज्ञानार्थ होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पहिल्या महायुद्धात त्यांची माहिती ब्रिटिश लष्कराच्या कामी आली. बगदादच्या पुराणवस्तुसंग्रहालयाची उभारणीही त्यांचीच. १९२६ साली बगदादमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांची सुमारे सात हजार छायाचित्रे न्यूकॅसल विद्यापीठाने जतन केली असून हाइलची ती चित्रेही त्यांतच आहेत.