दट्ट्याच्या दाबातून अग्नी निर्माण करणारे रुडॉल्फ डिझेल

पेट्रोल पंपावर दिवसभर उच्चारला जाणारा ‘डिझेल’ हा शब्द मुळात एका अभियंत्याचे आडनाव आहे, याचे स्मरण आज क्वचितच कोणाला असते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कुटुंबात झाला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला लंडन गाठावे लागले आणि रुडॉल्फ यांची शिक्षणासाठी ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे रवानगी झाली. पुढे म्युनिचमध्ये प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांच्या व्याख्यानांतून त्यांना उमगले, की वाफेचे इंजिन इंधनातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी आणते. ही उधळपट्टी त्यांना आयुष्यभर खुपत राहिली.

त्यांनी उत्तर शोधले ते दट्ट्यात, म्हणजेच पिस्टनमध्ये. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. डिझेल यांच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या निव्वळ हवा इतकी दाबतो, की तिच्यात फवारलेले इंधन ठिणगीविना पेट घेते. प्रसरण पावणारे वायू दट्ट्याला मागे रेटतात आणि कनेक्टिंग रॉडमुळे त्याची सरळ गती क्रँकशाफ्टला फिरवते.

कल्पना साधी वाटते. ती लोखंडात उतरवणे मात्र जीवघेणे होते. ऑगस्ट १८९३ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यातील पहिल्याच चाचणीत दाबमापकाच्या ठिकऱ्या उडाल्या. एवढा दाब सोसणारे सिलिंडर व दट्टे घडविण्यात आणखी साडेतीन वर्षे गेली. फेब्रुवारी १८९७ मधील अधिकृत चाचणीत २० अश्वशक्तीच्या इंजिनाने २६.२ टक्के कार्यक्षमता नोंदविली आणि वाफेच्या मक्तेदारीला आव्हान मिळाले.

परवान्यांतून पैसा आला. मात्र पेटंटचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि फसलेली गुंतवणूक यांनी तो गिळला. यंत्रातील उष्णतेचा कण न् कण मोजणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पैशाचा हिशेब जमला नाही, असेच म्हणावे लागेल. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज त्यांच्या तत्त्वावरील इंजिनांच्या बळावर महासागर ओलांडत होते, तेव्हा ते स्वतः कर्जाच्या विळख्यात सापडले होते.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी अँटवर्पहून इंग्लंडकडे निघालेल्या ‘ड्रेसडेन’ या बोटीवर रात्रीचे जेवण आटोपून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी अंथरूण जसेच्या तसे होते. काही दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात मृतदेह आढळला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या व देह पुन्हा पाण्यात सोडला. मुलाने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे ओळखले. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.