नाणी तोलणारे गणिती : दा. ध. कोसंबी

प्राचीन ग्रीकांचा एक द्राख्म म्हणजे किती वजन? मोबाईलवर विचारलं तर लगेच उत्तर येतं : सुमारे ४.३ ग्रॅम, म्हणजे इंग्रजी मापात ६६ ग्रेनच्या आसपास. असे १०० द्राख्म म्हणजे एक मिना, साधारण १५ औंस. ६० मिना म्हणजे एक टॅलेंट, जवळपास ५७ पौंड. झालं गणित! पण हा ४.३ आकडा आला कुठून? तो मुख्यतः जुनी नाणी आणि वजनं तोलूनच काढलेला आहे. आणि नाणं तर हातोहात झिजतं. मग आज काट्यावर दिसतं ते वजन खरं कसं मानायचं?

भारतातल्या नाण्यांपुरता हा प्रश्न गणिताने सोडवला तो दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला हे नाव आधी इंग्रजी पुस्तकात भेटलं. हा माणूस आपल्याच मराठी मुलखातला आहे, हे नंतर कळलं, आणि अभिमान वाटला.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबें इथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषा आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. ते हार्वर्डला गेले तेव्हा, १९१८ मध्ये, छोटा दामोदरही अमेरिकेला गेला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी उत्तम यशाने मिळवून ते भारतात परतले. बनारस आणि अलीगढ इथे शिकवून १९३३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, तरी राहिले पुण्यातच. डेक्कन क्वीनने रोज मुंबईला जाणं-येणं करायचे!

१९४० च्या सुमारास त्यांना संख्याशास्त्राचा कस पाहायला एखादा प्रत्यक्षातला प्रश्न हवा होता. त्यांनी निवडली आहत नाणी. ही चांदीची नाणी फार जुनी. त्यांच्यावर राजाचं नाव नाही की साल नाही, नुसते ठसे. मग कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे ठरवायचं कसं?

कोसंबींनी तराजू घेतला. त्यांचा विचार आपल्या पहिल्या वर्षाच्या गणितात बसेल इतका सोपा आहे. टांकसाळीतून निघताना नाणी जवळपास सारख्या वजनाची असतात. चलनात आली की प्रत्येक व्यवहारात कणभर झिजतात. एक नाणं जास्त फिरतं, दुसरं गाठोड्यात पडून राहतं. त्यामुळे काळ जातो तशी सरासरी उतरते आणि वजनातला फरक, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, वाढत जातो. हा नियम खरा आहे का, हे बघायला त्यांनी स्वतःच्या काळातली चालू नाणीसुद्धा हजारोंनी तोलली. केवढी चिकाटी!

मग ते तक्षशिलेच्या ठेव्यांकडे वळले. तिथे भीर टेकडीवर १९२४ मध्ये हजाराहून जास्त नाण्यांचा ठेवा सापडला होता. त्या ठेव्यात आहत नाण्यांसोबत अलेक्झांडरची आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याची ग्रीक नाणीही होती. फिलिपची कारकीर्द इ.स.पू. ३२३ ते ३१७. म्हणजे ठेवा पुरला गेला तो त्यानंतरच किंवा त्याच सुमारास. ग्रीक नाण्यांनी साल दिलं, आहत नाण्यांच्या झिजेने क्रम दिला. काही नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. जितके ठसे जास्त तितकं नाणं हलकं, हे कोसंबींनी दाखवलं. व्यापारी वेळोवेळी नाणं पारखून ठसा मारत असावेत, असा त्यांनी अर्थ लावला.

त्या काळी ही वजनं ग्रेनमध्ये लिहीत. आहत नाण्याचं मूळ वजन साधारण ५४ ग्रेन, म्हणजे ३.५ ग्रॅम. ग्रेनचे ग्रॅम करायला ०.०६४८ ने गुणायचं, बस! गुणाकाराने नाण्यांचा क्रम काही बदलत नाही. फसवणूक होते ती नावांमध्ये. हे नाणं ३२ रत्तींचं मानतात, म्हणजे एक रत्ती ०.११ ग्रॅम. पण १८३३ मध्ये ठरलेला १८० ग्रेनचा तोळा घेऊन ९६ गुंजांचा हिशेब केला तर एक गुंज ०.१२ ग्रॅम येते. बी तेच, वजन वेगळं! ग्रीक द्राख्मवरून इंग्रजांचा ड्रॅम आला, पण औषधवाल्यांचा ड्रॅम ६० ग्रेनचा आणि साध्या तोलातला २७ ग्रेनहून थोडा जास्त. दोन्हीही ६६ नाहीत. त्याच द्राख्मवरून आपला दामही आला, तो तर वजन विसरून नुसता पैसा झाला. आपल्या कन्हानच्या बाजारात सोनं घेताना आज लोक तोळा म्हणतात आणि घेतात १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणून नावावरून रूपांतर करायचं नाही. कुठला काळ, कुठला तोल, हे आधी विचारायचं.

१९५६ मध्ये कोसंबींचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा प्रसिद्ध ग्रंथ आला. त्यात राजांच्या वंशावळीपेक्षा सामान्य माणूस काय पिकवत होता, काय वापरत होता, याला महत्त्व आहे. १९६२ मध्ये टाटा संस्थेतली नोकरी संपली, काम मात्र थांबलं नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये नाण्यांवरचा त्यांचा लेख छापून आला. त्याच वर्षी २९ जूनला, वयाच्या ५८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचं निधन झालं.

मला त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सगळी रीडिंग्ज एकसारखी दिसावीत अशी आपली धडपड असते. जे रीडिंग जुळत नाही ते खोडलं जातं. कोसंबींनी वजनातले फरक खोडले असते, तर त्यांच्या हाती फक्त सरासरी उरली असती आणि नाण्यांचा इतिहास निसटला असता. तेव्हा दोस्तहो, पुढच्या प्रॅक्टिकलला खोडरबर जरा बाजूला ठेवा. न जुळणारं रीडिंगच कदाचित काही सांगत असेल!