माळरानावरच्या देवांचा जर्मन अभ्यासक

वालचंदनगरच्या परिसरात आज सर्वत्र ऊस दिसतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला साखर उद्योग यांनी इंदापूर तालुक्याच्या या भागाचा कायापालट केला. त्यापूर्वी हा कमी पावसाचा, गवताळ माळांचा आणि धनगरांच्या मेंढ्यांचा मुलूख होता. दख्खनच्या अशा कोरड्या पट्ट्याला स्वतःचा इतिहास आहे, हे विद्वत्‌जगताला दाखवून देणाऱ्यांत गुंथर-दित्झ सोन्थायमर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

सोन्थायमर यांचा जन्म १९३४ मध्ये जर्मनीतील उल्म येथे झाला. ते मूळचे कायद्याचे विद्यार्थी. हिंदू कायदा आणि संस्कृत यांच्या अभ्यासासाठी ते पुण्यात आले. पुढे लंडनमध्ये त्यांनी एकत्र हिंदू कुटुंबाच्या कायदेशीर विकासावर प्रबंध लिहिला आणि नंतर हायडलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत अध्यापन केले.

ग्रंथांतून समाज पाहणाऱ्या या पंडिताला मराठीने ग्रंथांबाहेरचा महाराष्ट्र दाखवला. जेजुरीच्या खंडोबाच्या आणि पुरंदर तालुक्यातील वीरच्या म्हस्कोबाच्या परंपरांचा त्यांनी शोध घेतला. धनगरांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या.

या भ्रमंतीचे फलित असलेला त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचे मूळ, इतिहास आणि परिसर हा त्याचा विषय. सोन्थायमर पदवीने भूगोलज्ञ नव्हते. पण पाऊस, गवत आणि कळपांच्या वाटा समजल्याखेरीज हे देव समजत नाहीत, हे त्यांनी ओळखले. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, तर बाणाई धनगराची. या दोन संसारांत त्यांना स्थिरावलेली वस्ती आणि मोकळे रान यांचे नाते दिसले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला.

१९९२ मध्ये, वयाच्या अवघ्या ५८व्या वर्षी, सोन्थायमर यांचे निधन झाले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या दोन दीर्घ ओवीकथा फेल्डहाउस आणि मराठी सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून २०१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाल्या. कालव्याने माळ हिरवा केला आणि मेंढरांच्या वाटा आक्रसल्या. त्या वाटांची, पाणवठ्यांची आणि देवांच्या मुक्कामांची स्मृती ओव्यांत होती. गाणाऱ्यांबरोबर ती लोपण्याआधी सोन्थायमर यांनी तिचा मोठा ठेवा जपून ठेवला.