मायकेल फॅरेडे: विजेच्या आणि चुंबकाच्या सहवासातले आयुष्य

इंडक्शन शेगडीजवळ उभे राहिल्याने काही होते का, असे तुम्ही दवाखान्यात विचारता. त्याचे उत्तर समजायला मायकेल फॅरेडे यांचे आयुष्य उपयोगी पडते.

फॅरेडे यांचा जन्म १७९१ साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी झाला. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षापासून ते पुस्तक बांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून विज्ञान शिकले. १८१३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांचे मदतनीस झाले.

१८३१ चा शोध

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या तारेत वीज निर्माण होते, हे त्यांनी दाखवले. तुमची शेगडी याच नियमावर चालते. काचेखालच्या वेटोळ्याच्या क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात वीज निर्माण होते आणि भांडे तापते. शरीरातही अतिशय क्षीण प्रवाह निर्माण होतो, पण अंतर वाढले की तो झपाट्याने घटतो. १८३६ मध्ये फॅरेडे धातूचा पत्रा आणि तारा लावलेल्या बारा फुटी खोलीत बसले. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत परिणाम शून्य. एमआरआयच्या खोलीला आज असेच धातूचे आवरण असते.

आजारपण

१८४० च्या सुमारास त्यांना चक्कर, डोकेदुखी आणि विसराळूपणाचा त्रास सुरू झाला. काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. १८४५ मध्ये त्यांनी पुन्हा मोठा शोध लावला, पण स्मरणशक्ती पुढे ढासळत गेली. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोष विजेला द्यावासा वाटेल. पण प्रयोगात ते पाराही उघड्यावर हाताळत. पाऱ्याची वाफ मेंदूला इजा करते, म्हणून पुढे काही अभ्यासकांनी पाऱ्याच्या विषबाधेची शंका घेतली. पक्के निदान झालेले नाही.

तुमच्यासाठी

विसराळूपणा किंवा चक्कर असेल, तर मोबाइल टॉवरला दोष देऊन थांबू नका. कामावर काय हाताळता ते डॉक्टरांना सांगा: पारा, शिसे, रंग, वेल्डिंगचा धूर.

पेसमेकर असेल तर चालू इंडक्शन शेगडीपासून दोन फूट दूर राहा, मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नका आणि वेल्डिंगचे काम करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. एमआरआयपूर्वी पेसमेकरची माहिती न विसरता द्या. बाकीच्यांनी शेगडी निर्धास्तपणे वापरावी.