पहिली पसंती, पण एकही मॅच नाही

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या कॉलेज कॅम्पसवर एकच चर्चा असते, यंदा फुटबॉल सीझन कोण गाजवणार? पहिली मॅच व्हायच्या आधीच याद्या निघतात. क्वार्टरबॅक कोण भारी, बॉल घेऊन पळण्यात कोण, पास पकडण्यात कोण, आणि यातल्या कुणाच्या हातात हाइसमन ट्रॉफी जाणार. आपल्याकडे आयपीएल लिलावाच्या आधी जसे अंदाज रंगतात ना, तसंच. फक्त इथली पोरं तुमच्या-माझ्यासारखी लेक्चरला बसणारी असतात.

या सगळ्या याद्यांमध्ये मला राहून राहून एक जुनं नाव आठवतं. अर्नी डेव्हिस. सिरॅक्यूज विद्यापीठाचा हाफबॅक, जर्सी नंबर ४४.

हाफबॅक म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगते. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. इथे बॉल हातात घ्यायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या तावडीतून निसटत पुढे पळायचं. कबड्डीतला चढाई करणारा डोळ्यांसमोर आणा, पण त्याला मध्यरेषेकडे परतायचं नाहीये, पुढेच जायचंय. टीमला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. अर्नीने कॉलेजच्या तीन सीझनमध्ये पळून २,३८६ यार्ड काढले, तेही दर धावेला सरासरी ६.६ यार्ड. म्हणजे दोनदा बॉल त्याच्याकडे दिला की काम फत्ते! बरं, त्या काळी आक्रमण करणारे वेगळे आणि बचाव करणारे वेगळे अशी चैन नव्हती. तेच गडी दोन्हीकडे खेळायचे.

अर्नीचा जन्म १४ डिसेंबर १९३९चा, पेनसिल्व्हेनियातला. वडिलांचा सहवास त्याला मिळालाच नाही, आईला एकटीने सांभाळणं झेपेना. मग तो आजी-आजोबांकडे युनियनटाऊनला वाढला, कोळशाच्या खाणींच्या गावात. लहानपणी बोलताना अडखळायचा. बारा वर्षांचा झाला तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला आईकडे आला आणि तिथल्या शाळेत फुटबॉल, बास्केटबॉल सगळंच गाजवू लागला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘एल्मायरा एक्स्प्रेस’.

आता ४४ नंबरची गोष्ट. त्याच्या आधी सिरॅक्यूजमध्ये ही जर्सी जिम ब्राऊनची होती. जिम ब्राऊन म्हणजे त्या काळातला अफाट खेळाडू, पण १९५६च्या हाइसमनच्या मतदानात तो चक्क पाचवा आला. ट्रॉफी मिळाली नोत्र दामच्या पॉल हॉर्नुंगला, ज्याच्या टीमने त्या सीझनमध्ये दहापैकी आठ मॅच हरल्या होत्या. जिम ब्राऊन कृष्णवर्णीय होता. १९३५पासून दिली जाणारी ही ट्रॉफी तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मिळालेली नव्हती. यावर वेगळं काही बोलायची गरज आहे का?

अर्नीला अनेक कॉलेजं बोलवत होती. त्याने सिरॅक्यूज निवडावं म्हणून जिम ब्राऊन स्वतः त्याला येऊन भेटला. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य टीममध्ये खेळता येत नसे, त्यामुळे अर्नी मैदानात उतरला तो १९५९मध्ये. त्या वर्षी सिरॅक्यूज एकही मॅच हरलं नाही आणि राष्ट्रीय विजेतं ठरलं.

सीझनचा शेवट होता १ जानेवारी १९६०ला डॅलसमध्ये, कॉटन बोल, टेक्सासविरुद्ध. अर्नीची मांडीमागची शीर दुखावलेली होती. तरी मॅच सुरू होताच त्याने पास पकडला आणि ८७ यार्डांचा टचडाऊन केला. म्हणजे जवळजवळ ऐंशी मीटर, अख्खं मैदानच म्हणा ना! सिरॅक्यूज २३-१४ने जिंकलं, सर्वोत्तम खेळाडू अर्नी. पण टेक्सासमध्ये तेव्हा वर्णभेद उघड पाळला जायचा. संध्याकाळच्या समारंभात बक्षीस घेण्यापुरती त्याला जागा होती, नंतरच्या नाचगाण्यासाठी मात्र त्याने आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी थांबायचं नव्हतं. दुपारी ज्याच्यासाठी स्टेडियम उभं राहिलं, त्याला रात्री दरवाजा दाखवला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तुमच्या सेकंड इयरच्या वर्गातल्या कुणाहीएवढा.

पुढची दोन वर्षं तो नुसता पळत राहिला. जिम ब्राऊनचे विक्रम मोडले. १९६१चं हाइसमनचं मतदान अगदी चुरशीचं झालं. अर्नीला ८२४ गुण, ओहायो स्टेटच्या बॉब फर्ग्युसनला ७७१. गंमत बघा, फर्ग्युसनही कृष्णवर्णीयच. सव्वीस वर्षं बंद असलेलं दार उघडलं तेव्हा पहिले दोघंही तिथेच उभे होते. अध्यक्ष केनेडी त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये होते, त्यांनी अर्नीला मुद्दाम बोलावून भेट घेतली. आठवडाभराने तो बावीस वर्षांचा झाला.

त्याच महिन्यात व्यावसायिक संघांची निवड झाली. पहिली पसंती होती वॉशिंग्टनची आणि त्यांनी अर्नीचं नाव घेतलं. वाचताना वाटतं, वा! पण यामागे भलतंच राजकारण होतं. संघमालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांच्या टीममध्ये तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लीगमधला असा हा शेवटचाच संघ. त्यांचं नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं, आणि केनेडींच्या मंत्रिमंडळातले स्टुअर्ट उडाल यांनी सुनावलं, भेदभाव चालू ठेवाल तर स्टेडियम वापरायला मिळणार नाही. तेव्हा कुठे मार्शल नमले. तेही अर्नीला ठेवून घेतलं नाहीच, क्लीव्हलंडशी अदलाबदल केली. बदल्यात वॉशिंग्टनला मिळालेला बॉबी मिशेल तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक झाला. म्हणजे बघा, अर्नीने वॉशिंग्टनची जर्सी अंगात घातलीसुद्धा नाही, तरी त्याच्या नावावर तिथली भिंत पडली.

क्लीव्हलंडमध्ये जिम ब्राऊन होताच. दोघं एकाच टीममध्ये! चाहत्यांनी मनातल्या मनात मॅच जिंकायलाही सुरुवात केली असणार.

१९६२च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनीय सामन्याची तयारी चालू असताना अर्नीच्या मानेला सूज आली. रक्ताच्या तपासण्या झाल्या. ल्युकेमिया. तेव्हा या आजाराचं निदान म्हणजे जवळपास निकालच. त्याला स्वतःला खरं काय ते ऑक्टोबरमध्ये सांगितलं गेलं. मधल्या काळात तब्येत सुधारल्यासारखी झाली, तेव्हा संघमालक आर्ट मोडेल म्हणत होते, त्याला खेळू द्या. कोच पॉल ब्राऊन ठाम नाही म्हणाले. कोण बरोबर? मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला आणि दर वेळी कोचच्या बाजूला येऊन थांबते. पण मनापासून नाही.

क्लीव्हलंडच्या स्टेडियममध्ये तो एकदाच उतरला, १९६२च्या ऑगस्टमधल्या सीझनपूर्व सामन्यात. खेळायला नाही, नुसता ओळख करून द्यायला. त्याचं नाव पुकारलं गेलं, तो मैदानात धावत आला आणि स्पॉटलाइट त्याच्या मागोमाग सरकत राहिला. व्यावसायिक मैदानावरची त्याची धाव एवढीच.

पुढच्या मार्चमध्ये त्याने एका साप्ताहिकात स्वतःच्या आजाराबद्दल लिहिलं. आपण कमनशिबी नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १८ मे १९६३ला तो गेला, तेविसाव्या वर्षी. एल्मायरात अंत्यदर्शनाला हजारो लोक रांगेत उभे होते. क्लीव्हलंडने त्याची ४५ नंबरची जर्सी निवृत्त केली, एकाही मॅचमध्ये न वापरलेली.

जाण्याच्या काही महिने आधी अर्नी सिरॅक्यूजच्या कोचबरोबर एका शाळकरी खेळाडूला भेटायला गेला होता. फ्लॉइड लिटल त्याचं नाव. आमच्याकडे ये, असं अर्नीने त्याला सांगितलं आणि फ्लॉइडने हो म्हटलं. त्याच्यापुढे इतर मोठे पर्यायही होते. अर्नी गेल्याची बातमी कळली, तसा त्याने फोन उचलला आणि कोचना कळवलं, मी येतोय. सिरॅक्यूजमध्ये त्याला जर्सी मिळाली ४४ नंबरची.