लोखंडी जहाजावरून लोह मोजताना

पावसाळ्यात आमच्या पौडला मुळा लाल, गढूळ वाहू लागली, की हा रंग मातीतल्या लोहाचा, असे मी मुलांना सांगतो. जमिनीवर लोहाची एवढी चंगळ असताना भर समुद्रात त्याचा दुष्काळ असेल, हे पटत नाही. जॉन मार्टिन या अमेरिकन सागरशास्त्रज्ञाने तो दुष्काळ सिद्ध केला.

मार्टिन यांचा जन्म १९३५ चा. ऐन तारुण्यात पोलिओने पाय अधू केले, तरी त्यांनी विषय निवडला तो समुद्राचा! पुढे ते कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंगच्या सागरी प्रयोगशाळांचे संचालक झाले.

त्या काळी एक कोडे होते. अंटार्क्टिकाभोवतीच्या आणि उत्तर पॅसिफिकच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर; तरीही सूक्ष्म शैवाल विरळच. लोह कमी पडत असावे, ही शंका जुनी होती. पण मोजणार कसे? जहाज लोखंडाचे, दोर पोलादी, हवेत गंजाची धूळ. मिठाच्या हाताने खिरीची चव पाहण्यासारखा प्रकार! जुने आकडे फुगलेले होते, ते यामुळेच. मार्टिन यांच्या चमूने धातूचा स्पर्श न होणाऱ्या बाटल्या, आम्लाने धुतलेली भांडी आणि धूळविरहित खोल्या वापरल्या. तेव्हा कळले, की अशा ठिकाणच्या हजार लिटर पाण्यात मिलिग्रॅमचा विसावा भागही लोह नाही. प्राणवायूयुक्त खाऱ्या पाण्यात ते गंजून तळाशी जाते.

अलास्काच्या आखातातील पाण्याच्या बाटल्यांत त्यांनी चिमूटभराहूनही कमी लोह घातले. शैवाल जोमाने वाढले. हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. लोह टाकून हिमयुग आणता येईल, असेही ते अर्धवट थट्टेने म्हणत. गाजली ती थट्टाच. मला मात्र त्या धुतलेल्या बाटल्या मोठ्या वाटतात.

बाटलीतले खऱ्या समुद्रात घडेल का, असा आक्षेप आला. त्यांनी खुल्या समुद्रातला प्रयोग आखला. पण जून १९९३ मध्ये कर्करोगाने त्यांना नेले. ऑक्टोबरमध्ये सहकाऱ्यांनी गॅलापागोसजवळ ६४ चौरस किलोमीटरवर सुमारे ४४५ किलो लोह सोडले. हरितद्रव्य तिपटीने वाढले.

मोजलेले सगळे लोह सूक्ष्मजीवांना मिळतेच असेही नाही. बरेचसे सेंद्रिय रेणूंनी बांधून ठेवलेले असते. शिवाय एकट्या लोहाने भागत नाही. २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह दक्षिण महासागरात असाच प्रयोग केला. शैवाल वाढले, पण तिथे सिलिका अपुरी होती, म्हणून काचेसारख्या कवचाची शैवाले फोफावली नाहीत. जी वाढली, ती बारीक जलचरांनी फस्त केली आणि खोल समुद्रात कर्ब फारसा गेलाच नाही.